वाढलेलं प्रोस्टेट आणि लघवीचा त्रास: आधी मोजमाप, मग औषध

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं औषधाचं दुकान आहे. साठीच्या पुढचे गृहस्थ येतात, शेजारी एखादी बाई उभी असली तर आधी डोकेदुखीची गोळी मागतात, ती जाईपर्यंत थांबतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "रात्री उठायला लागू नये म्हणून काही मिळेल का?"

अशी एकच गोळी नसते. रात्री चार वेळा उठणाऱ्या तीन माणसांची तीन वेगळी कारणं असू शकतात. एकाची लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. दुसऱ्याची पिशवी भरण्याआधीच आकसते. तिसऱ्याची पिशवी ठणठणीत असते, पण रात्री लघवीच जास्त तयार होते. पहिल्याला लागू पडणारी गोळी तिसऱ्याला निरुपयोगी ठरते आणि दुसऱ्याची गोळी पहिल्याने घेतली तर लघवी तुंबू शकते. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून "हेच द्या" म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच परत पाठवतो. त्यांना राग येतो, पण इलाज नाही.

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. वय वाढतं तशी ती पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाखाली फुगत जाते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ झालेली असते आणि ऐंशीनंतर बहुतेकांत. हा कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होतो असंही नाही. मात्र एकाच माणसात दोन्ही असू शकतात, त्यामुळे तपासणी चुकवू नये.

हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

लघवीला जोरात लागलीय, ओटीपोट फुगून दुखतंय आणि थेंबही येत नाही, ही तातडीची वेळ आहे. घरी गरम पाण्याची पिशवी लावून, वर धण्याचं पाणी पाजून तास काढू नयेत. अडलेल्या पिशवीत आणखी पाणी ओतल्याने दुखणंच वाढतं. जवळ ज्या रुग्णालयात चोवीस तास तातडीचा विभाग आहे तिथे निघा. ठाण्यात पालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं पालिका रुग्णालय आहे, आणि १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. तिथे नळी घालून पिशवी रिकामी करतात आणि माणूस काही मिनिटांत माणसात येतो.

लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, अचानक पायांतली ताकद जाणं, यांपैकी काहीही झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि एक लक्षण फसवं असतं. झोपेत नकळत अंथरूण ओलं होणं. घरचे म्हणतात, वय झालं. खरं तर पिशवी काठोकाठ भरून वरचं सांडत असतं. अशा वेळी दुखत नाही, पण मागे मूत्रपिंडांवर दाब येत राहतो.

पहिली पायरी: तीन दिवसांची वही

घरात कुणी करत नाही आणि डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेच काम. एक लिटरची पाण्याची बाटली वरून कापा. नातवंडाच्या जुन्या दुधाच्या बाटलीने तिच्यात ५०-५० मिली पाणी ओतत मार्करने खुणा करत जा. झालं मोजपात्र. ते बाथरूममध्ये ठेवा, शेजारी वही आणि पेन्सिल. सलग तीन दिवस तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता आणि किती मिली लघवी झाली, किती वाजता काय आणि किती प्यायलात, आणि घाई झाली का किंवा कपड्यात गळली का. बाहेर असताना मोजता येत नसेल तर निदान वेळ लिहा. शक्यतो घरी असाल असे दिवस निवडा.

आता ही वही वाचायची कशी? समजा एकाच्या वहीत असं आहे: साडेदहाला झोपले, १२:४० ला २८० मिली, ३:१० ला ३०० मिली, सकाळी उठल्यावर ६ वाजता ३२० मिली. सकाळची पहिली लघवी रात्रीच्याच हिशोबात धरायची, कारण ती रात्री तयार झालेली असते. रात्रीची बेरीज ९०० मिली. दिवसभराची ११०० मिली. म्हणजे चोवीस तासांतल्या २००० पैकी ४५ टक्के लघवी रात्री. पासष्टीच्या पुढे हा वाटा साधारण एक तृतीयांशाहून जास्त असेल तर रात्री लघवी जास्त बनतेय असं समजतात. या माणसाची पिशवी एका वेळी ३०० मिली आरामात धरतेय. त्याच्या प्रोस्टेटला गोळ्या देऊन रात्रीचं उठणं फारसं कमी होणार नाही.

दुसऱ्याच्या वहीत रात्री पाच नोंदी आहेत: ८०, ६०, १००, ७०, ९०. एकूण लघवी बेताची, पण एका वेळी जेमतेम कपभर. इथे एक तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, नाही तर ती फार चिडकी झालीय. कोणतं खरं, ते सोनोग्राफीत कळेल.

चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेह अंगात असलेला आणि प्रोस्टेटच्या नावावर खपवलेला माणूस मी पुष्कळदा पाहिलाय.

रात्रीचा वाटा जास्त निघाला तर घोटे दाबून पाहा. संध्याकाळी बोट रुततं का? दिवसभर खुर्चीत बसून किंवा उभं राहून पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. त्यासाठी दुपारी किंवा संध्याकाळी तासभर पाय उशीवर घेऊन पडा, संध्याकाळी तलावपाळीला किंवा सोसायटीत फेऱ्या मारा, पापड-लोणचं-फरसाण आवरा. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीही बघा. अ‍ॅम्लोडिपिनने अनेकांचे पाय सुजतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः हलवू नका, बंद तर मुळीच करू नका. पाय सुजण्याबरोबर दम लागत असेल तर हृदयाची तपासणी आधी. आणि जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारातही रात्री लघवी वाढते.

दुसरी पायरी: त्रासाला आकडा द्या

युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञ, सात प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. गेल्या महिनाभरात लघवी करून आल्यावरही पिशवी रिकामी झाली नाही असं किती वेळा वाटलं, दोन तासांच्या आत परत जावं लागलं का, धार मध्येच तुटते का, लागली की रोखून धरवत नाही का, धार बारीक झाली का, सुरुवातीला कुंथावं लागतं का, आणि रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. शेवटी आणखी एक प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? उपचार किती जोरात करायचे हे बरंचसं या उत्तरावर ठरतं, म्हणून ते मोकळेपणाने द्या. "चालतंय" म्हणून वेळ मारून नेलीत तर डॉक्टरही चालू देतील.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि रिपोर्ट वाचताना

लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी), आणि लघवीनंतर पिशवीत किती उरतं हे मोजणारी सोनोग्राफी, एवढ्यात बरंच कळतं. डॉक्टर गुदद्वारातून बोट घालूनही तपासतात. अर्ध्या मिनिटाचं काम असतं. ग्रंथी मऊ आहे की कुठे टणक गाठ लागते हे तिथेच कळतं, तेव्हा लाजून नकार देऊ नका.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड २ प्रोस्टेटोमेगाली (म्हणजे वाढलेलं प्रोस्टेट), ४२ ग्रॅम' असं वाचून लोक हादरतात. आकार आणि त्रास यांचं गणित सरळ नसतं. २५ ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते आणि ८० ग्रॅमवाला शांत झोपतो, असं होतं. उरलेल्या लघवीचा आकडा मात्र नीट मिळायला हवा, आणि तिथेच घोळ होतो. सेंटरवर लिटरभर पाणी पाजतात, नंबर यायला तास लागतो, पिशवी ताणून ताणून थकते, मग बाहेर ताटकळलेल्या माणसांच्या भानाने घाईत लघवी होते आणि रिपोर्टमध्ये '१६० मिली शिल्लक' छापून येतं. फार कोंडलं असेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा, नंतर शांतपणे लघवी करा, दोन मिनिटं थांबून पुन्हा करा आणि मगच आत जा. आकडा अनपेक्षित वाटला तर दुसऱ्या दिवशी परत मोजून घ्यायला हरकत नाही.

पीएसएचंही तसंच. लघवीचा संसर्ग झाला असेल, लघवी तुंबून नळी घातली असेल, तर तो वाढतो. त्यातून बरं होऊन काही आठवडे गेल्यावरच तपासा. आदले दोन दिवस संभोग आणि सायकल टाळा. चारच्या वर आकडा म्हणजे कॅन्सर नव्हे, चारच्या खाली म्हणजे हमखास सुटका असंही नाही. वय, ग्रंथीचा आकार आणि आधीचे आकडे बघून तो वाचायचा असतो, म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.

धार मोजायचं यंत्र असतं, युरोफ्लोमेट्री. त्यात निदान १५० मिली लघवी व्हायला हवी, नाहीतर आलेख बिनकामाचा. सर्वाधिक वेग सेकंदाला १० मिलीच्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. अर्थात पिशवीचे स्नायू थकले असले तरी धार मंद येते.

चौथी पायरी: पाणी, चहा आणि प्रवास

ठाण्याहून सीएसएमटीची लोकल तासभर घेते आणि तिच्यात शौचालय नसतं. घोडबंदर रोडवर गाडी अडकली तर विचारूच नका. या धास्तीने कितीतरी जण सकाळपासून पाणीच बंद करतात. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना. मग लघवी दाट होते, जळजळते, उन्हाळी लागते आणि घाई उलट वाढते. दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेलाच पाहिजे, घाम जास्त असेल तर त्याहून अधिक. फक्त त्याचा मोठा भाग संध्याकाळी सहापर्यंत संपवा आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास घोटभर पाण्यावर भागवा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

चहा-कॉफीने पिशवी चिडते. निघताना कपभर चहा घेऊन लोकल पकडण्यापेक्षा पोहोचल्यावर घ्या. दारूने रात्र हमखास बिघडते आणि लघवी तुंबण्याचीही भीती असते.

घरातून निघण्याआधी दोन टप्प्यांत लघवी करा: झाली की मिनिट-दोन मिनिटं थांबा, जरा हालचाल करा, पुन्हा प्रयत्न करा. बसून केली तर ओटीपोट सैल पडतं आणि बऱ्याच जणांची पिशवी जास्त चांगली रिकामी होते. लघवी झाल्यावर पँटमध्ये थेंब पडत असतील तर अंडकोशामागच्या भागापासून पुढे बोटांनी हलकेच दाबत आणा, नळीत राहिलेले थेंब निघून जातात. घाई आली की धावत सुटू नका. जागेवर थांबा, वारा रोखताना आवळतो तसे ते स्नायू पाच-सहा वेळा आवळा, लाट ओसरू द्या, मग चाला. दर तासाला जायची सवय लागली असेल तर ही वेळ पाच-दहा मिनिटांनी लांबवत काही आठवड्यांत अडीच-तीन तासांपर्यंत नेता येते. मात्र ज्यांची पिशवी रिकामीच होत नाही त्यांनी हे रोखून धरणं करू नये.

बद्धकोष्ठता सांभाळा. भरलेलं आतडं पिशवीवर रेलतं आणि कुंथण्याने त्रास वाढतो. गडकरी रंगायतनला नाटक बघायला जाताना कडेची खुर्ची मागून घ्या. ज्यांनी या त्रासापायी नाटकाला, लग्नाला, पंढरपूरला जाणंच सोडलंय त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांचा त्रास आटोक्यात येणारा असतो.

आणि सर्दीची गोळी! फेनिलएफ्रिन, स्यूडोएफेड्रिन, क्लोरफेनिरामिन हे घटक साध्या सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असतात. काहींनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, काहींनी पिशवी ढिली पडते. आधीच अडून अडून होणारी लघवी अशा एका गोळीने पूर्ण बंद होऊ शकते. दुकानात सर्दीसाठी काही मागताना "मला प्रोस्टेटचा त्रास आहे" एवढं वाक्य आवर्जून बोला.

पाचवी पायरी: गोळ्या कशा काम करतात

सगळ्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्याच आहेत. पण आपण काय गिळतोय हे माहीत असावं.

पहिला गट मूत्राशयाच्या तोंडाचे आणि ग्रंथीतले स्नायू सैल करतो: टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ, सिलोडोसिन ८ मिग्रॅ, अल्फुझोसिन १० मिग्रॅ. फरक काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत जाणवतो. ग्रंथी लहान होत नाही, वाट मोकळी होते. गोळी रोज ठरावीक जेवणानंतर घ्या, कॅप्सूल फोडू नका. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठलात की पलंगाच्या कडेवर जरा बसा, मग उभे राहा. वीर्य कमी येतं किंवा येतच नाही, विशेषतः सिलोडोसिनने. ते घातक नसतं, पण कुणी आधी सांगत नाही आणि माणूस मनात झुरत राहतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर सिलोडोसिनचा डोस कमी करावा लागतो. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीबद्दल नक्की सांगा, ती पूर्वी घेऊन सोडली असली तरी. तिने बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि सर्जनला वेगळी तयारी ठेवावी लागते.

दुसरा गट ग्रंथी लहान करतो: फिनास्टेराइड ५ मिग्रॅ, ड्युटास्टेराइड ०.५ मिग्रॅ. इथे धीर लागतो. परिणामाचा अंदाज यायला सहा महिने जातात. आकार साधारण पाव भागाने घटतो, पुढे लघवी तुंबण्याचा आणि ऑपरेशनचा धोका कमी होतो. ग्रंथी मोठी असेल तरच याचा फायदा, ढोबळमानाने ३०-४० ग्रॅमच्या पुढे. हल्ली दोन्ही गटांचं मिश्रण एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास लिहिलं जातं, तुमची ग्रंथी २२ ग्रॅम असेल तर "यातलं ड्युटास्टेराइड मला कशासाठी?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, छाती दुखरी होणं हे काहींना होतं. सहा महिन्यांनी पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून रिपोर्टमधला आकडा दुप्पट करून वाचायचा. हे ठाऊक नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरला '२.५' बघून सगळं आलबेल वाटू शकतं. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिने गळकी कॅप्सूल किंवा फुटलेली गोळी हाताळू नये. ड्युटास्टेराइड बंद केल्यावर सहा महिने रक्तदान करू नये.

टाडालाफिल ५ मिग्रॅ रोज घेतलं तर लघवी आणि ताठरता दोन्हींना मदत होते. पण हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल, किंवा छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायला खिशात असेल, तर टाडालाफिल पूर्ण वर्ज्य. रक्तदाब जीवघेणा खाली येतो.

घाईच जास्त असेल तर मिराबेग्रॉन किंवा सोलिफेनासिन देतात. पिशवीत किती उरतं हे मोजल्याशिवाय सोलिफेनासिन सुरू करू नये. मिराबेग्रॉन घेताना रक्तदाब बघत राहावा.

पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची चौकशी करा. महिन्याच्या खर्चात मोठा फरक पडतो.

झाडपाला, बिया, चूर्ण

सॉ पामेटो नावाच्या महागड्या कॅप्सूल लोक परदेशातल्या मुलांकडून मागवतात. २००६ आणि २०११ साली अमेरिकेत झालेल्या दोन नीट आखलेल्या चाचण्यांत, दुसरीत तर नेहमीच्या तिप्पट डोस देऊनही, ती नकली, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरली नाही. माझं मत स्पष्ट आहे: ते पैसे वाचवा. बीटा-सिटोस्टेरॉल या वनस्पतीजन्य घटकाने छोट्या, कमी काळाच्या अभ्यासांत लक्षणं थोडी कमी झाली, ग्रंथी कमी झाली नाही. लाल भोपळ्याच्या बियांचा फायदा झालाच तर किंचित, पण खायला चांगल्या आहेत. मूठभर, बिनमिठाच्या भाजून खा.

आपल्याकडे गोखरू, वायवर्ण्याची साल, पुनर्नवा, चंद्रप्रभा वटी, कांचनार गुग्गुळ चालतात. आयुर्वेदात मूत्राघात आणि वाताष्ठीला ही लघवी अडण्याची वर्णनं जुनी आहेत आणि अनेकांचा या औषधांवर विश्वास आहे. तो मी मोडायला जात नाही. फक्त मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा आधार अजून तोकडा आहे. घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्यांकडून, लेबल आणि बॅच नंबर असलेलं घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं सांगा. चंद्रप्रभेत लोहभस्म असतं. क्रिएटिनिन वाढलेलं असताना भस्मांची औषधं स्वतःच्या मनाने घेऊ नका. बिनलेबलच्या पुड्या तर घरातच आणू नका. धणे-जिऱ्याचं पाणी किंवा जवाचं पाणी उन्हाळी लागल्यावर बरं वाटतं, पण त्याने लघवी वाढते, तेव्हा ते सकाळी प्या. रात्री प्यायलात तर उठणं आलंच.

शेजाऱ्याला चूर्णाने फरक पडला, हे खोटं नसतं. हा त्रास आपोआप कमी-जास्त होतो, आणि चाचण्यांत नकली गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी बरं वाटतं. म्हणून चूर्ण असो की कॅप्सूल, सुरू करण्याआधीचे त्या सात प्रश्नांचे गुण लिहून ठेवा आणि नंतरचे त्याशेजारी लिहा.

किती दिवसांनी बघायचं, आणि ऑपरेशन कधी

पहिल्या गटाच्या गोळीनंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा सात प्रश्न, पुन्हा तीन दिवसांची वही. दुसऱ्या गटासाठी हे सहा महिन्यांनी, पीएसएसह. बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर सोडू नका. बरेच दिवस चुकली असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी फोन करून विचारा.

लघवी पुन्हा पुन्हा तुंबते, नळी काढल्यावर होतच नाही, मूत्राशयात खडे झालेत, वारंवार संसर्ग किंवा रक्त येतं, क्रिएटिनिन वाढतंय, किंवा गोळ्यांनी पुरेसा फरक नाही, अशा वेळी दुर्बिणीचं ऑपरेशन लांबवू नये. लांबवलं की पिशवीचे स्नायू थकतात आणि मग अडथळा काढूनही धार सुधारेलच असं नाही. टीयूआरपी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा अडवणारा भाग खरवडून काढणं, ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. फार मोठ्या ग्रंथीसाठी होलेप, म्हणजे लेझरने ग्रंथीचा आतला भाग सोलून काढणं. दोन्हींनंतर वीर्य मागे पिशवीत जाणं नेहमीचं आहे, हे सही करण्याआधी नवरा-बायको दोघांनी ऐकून घ्यावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, याची चौकशी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे भरती होण्याआधीच करा आणि जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड, सोनोग्राफी, पीएसएचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.